पॉल स्कोफील्ड: ऑस्कर मिळालं, मग सिनेमे इतके कमी का?

विंगेतला (सातपूर)

नमस्कार मंडळी.

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू आहेत. नाटकात मी तहसील कचेरीतला कारकून आहे. एका खोट्या पंचनाम्यावर सही करायची नाही म्हणून तो अडून बसतो, आणि का करायची नाही हे शेवटपर्यंत कोणाला सांगत नाही. दिग्दर्शक म्हणाला, आधी 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' बघ, मग आपण बोलू. १९६६ चा इंग्रजी सिनेमा. सुट्टीच्या दिवशी बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

त्यात सर थॉमस मोर, म्हणजे राजाची शपथ घ्यायला नकार देणारा इंग्लंडचा वकील-मंत्री, झालेला पॉल स्कोफील्ड नावाचा नट आहे. आठवा हेन्री राजा बागेत आरडाओरडा करतोय, हसतोय, चिडतोय, आणि आपण बघतोय मात्र याच्याकडे. हा नुसता उभा आहे. राजा काय बोलतो ते ऐकतोय, एवढंच. असं ऐकणं मी कुठल्या नटाचं पाहिलं नव्हतं.

मग शोधाशोध केली. या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. त्यानंतर मात्र सिनेमे अगदी मोजके. यावरून आमच्या ग्रुपमध्ये जोरदार वाद झाला. एक जण म्हणतो, हातात आलेली संधी त्याने घालवली. दुसरा म्हणतो, कॅमेऱ्याला चालणारा चेहराच नव्हता, एक भूमिका जमून गेली. मला दोन्ही पटत नाही, पण उत्तर देण्याइतकी माहिती नाही. कोणी सांगाल का, हा माणूस नेमका कोण, त्याने आयुष्यभर काय केलं, आणि पुढे काय बघू?

अजून एक. तालमीत मी त्याच्यासारखं खालच्या आवाजात बोलायला गेलो तर मागून ओरड सुरू, "ऐकू येत नाही!" हे नाटकात करता येतं की फक्त सिनेमात?

आणि हे मुद्दाम सांगतो, कारण प्रश्न त्यामुळेच जास्त टोचतोय: मुंबईहून एका मालिकेसाठी विचारणा झाली आहे. नायिकेच्या दिराचा मित्र. तारखा नेमक्या स्पर्धेवर येतायत.

पडद्यामागे (सिडको)

काय बघायचं तेवढं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

आधी 'द ट्रेन' (१९६४). दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या हातातून जायच्या बेतात असताना एक जर्मन कर्नल तिथली नामांकित चित्रं आगगाडीत भरून जर्मनीला न्यायला निघतो आणि बर्ट लँकेस्टर ती गाडी अडवायच्या मागे लागतो. कर्नल म्हणजे स्कोफील्ड. या कर्नलचं चित्रांवर खरं प्रेम आहे आणि माणसांची त्याला काडीची किंमत नाही. लँकेस्टर सिनेमाभर धावतो, पडतो, गाड्या उलथवतो. हा जवळजवळ हलत नाही, तरी दोघं तोडीस तोड वाटतात. कॅमेऱ्याला चालणारा चेहरा नव्हता म्हणणाऱ्या मित्राला हा दाखव.

मग 'क्विझ शो' (१९९४), दिग्दर्शक रॉबर्ट रेडफर्ड. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत आधीच उत्तरं घेऊन जिंकणाऱ्या तरुणाचे वडील, कवी आणि प्राध्यापक मार्क व्हॅन डोरेन. मुलगा रिकाम्या वर्गात येऊन कबुली देतो तो प्रसंग दोनदा बघ. एका वाक्यापुरता बापाचा आवाज चढतो आणि आपल्या पोटात कालवतं. सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी नामांकन होतं.

त्यानंतर 'द क्रुसिबल' (१९९६), पटकथा खुद्द आर्थर मिलरची. इथे स्कोफील्ड न्यायाधीश डॅनफर्थ आहे, निरपराध माणसांना फासावर पाठवणारा. याबद्दल बाफ्टा, म्हणजे ब्रिटिश सिनेमाचा मोठा पुरस्कार, मिळाला. १९६६ मध्ये मोर होऊन आरोपी म्हणून उभा राहिलेला नट तीस वर्षांनी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो, आणि त्याही खुर्चीतून त्याला आपलंच बरोबर वाटतंय हे आपल्याला पटतं. लागोपाठ दोन रात्री हे दोन्ही बघितलेस तर अभिनयाची कार्यशाळा करायची गरज नाही.

केनेथ ब्रानाच्या 'हेन्री द फिफ्थ'मध्ये (१९८९) फ्रान्सचा राजा आणि झेफिरेलीच्या 'हॅम्लेट'मध्ये (१९९०) बापाचं भूत, ही छोटी कामं. 'किंग लिअर' (१९७१) सगळ्यात शेवटी. तो जड आहे.

तिसरी घंटा (कॉलेज रोड)

विंगेतला, तुझे मित्र सिनेमा हा मुक्काम आणि नाटक हा तिथे जायचा रस्ता असं गृहीत धरून बोलतायत. स्कोफील्डचा मुक्काम रंगमंचावर होता. सिनेमा वाटेत लागला तेव्हा त्याने केला. 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' हे मुळात रॉबर्ट बोल्टचं नाटक, ते मी वर्गात अनेक वर्षं शिकवलं, त्यामुळे या माणसाबद्दल मिळेल ते वाचत आले. जरा लांबेल, पण लिहिते.

जन्म १९२२, बर्मिंगहॅमचा. वाढला मात्र दक्षिणेत, ससेक्समधल्या हर्स्टपियरपॉइंट गावात, जिथे वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. ब्रायटनच्या शाळेत असताना तेराव्या वर्षी ज्युलिएट केली; शाळा मुलांची, मग ज्युलिएट कोणीतरी मुलगाच होणार. अभ्यासात रस नव्हता. सतराव्या वर्षी शाळा सोडून नाटकाच्या प्रशिक्षणाला गेला. तेवढ्यात महायुद्ध पेटलं. त्याच्या पायाची बोटं एकमेकांवर चढलेली, लष्करी बूट घालता येईनात, म्हणून सैन्यातून सुटला. मग छोट्या कंपन्यांबरोबर गावोगाव प्रयोग करत फिरला आणि बर्मिंगहॅमच्या रेपर्टरीत, म्हणजे पगारी नटांच्या कायम नाटक कंपनीत, पोचला.

ही बर्मिंगहॅम रेपर्टरी नीट लक्षात ठेव. लंडन नव्हे, लंडनबाहेरचं नाट्यगृह. बॅरी जॅक्सन नावाच्या नाट्यवेड्या माणसाने स्वतःच्या पैशाने उभं केलेलं. तिथे १९४५ मध्ये पीटर ब्रूक नावाचा वीस वर्षांचा पोरगा दिग्दर्शक म्हणून आला आणि त्याला तेवीस वर्षांचा स्कोफील्ड भेटला. 'महाभारत' करणारा ब्रूक तो हाच. जॅक्सन पुढच्याच वर्षी स्ट्रॅटफर्डला, शेक्सपिअरच्या गावच्या नाट्यगृहात, गेले ते या दोघांना घेऊन. १९४८ मध्ये तिथे स्कोफील्डने हॅम्लेट केला, १९५५ मध्ये ब्रूकबरोबर पुन्हा, आणि तो प्रयोग मॉस्कोला गेला. शीतयुद्धाच्या दिवसांत रशियन प्रेक्षकांनी इंग्रजी हॅम्लेट डोक्यावर घेतला.

आता गंमत बघ. हॅम्लेटनंतर वर्षभरात हाच माणूस ग्रॅहम ग्रीनच्या कादंबरीवरून केलेल्या नाटकात दारूडा, पळून चाललेला, घाबरट पाद्री करतो. आणि १९५८ मध्ये चक्क संगीतिकेत उतरतो, पोरगेलेसे गायक शोधून त्यांच्यावर पैसा करणारा बनेल एजंट म्हणून. उंच, देखणा, राजबिंडा नट. तेच तेच राजपुत्र करत सुखाने म्हातारा झाला असता.

मग १९६० ला लंडनमध्ये थॉमस मोर. पुढच्या वर्षी न्यू यॉर्कला. दोन्हीकडचे मिळून शेकडो प्रयोग, आणि तिकडे टोनी, म्हणजे अमेरिकन रंगभूमीचा मोठा पुरस्कार. सिनेमा व्हायचा होता तेव्हा पैसे घालणाऱ्यांना साहजिकच पडद्यावरचं मोठं नाव हवं होतं. दिग्दर्शक फ्रेड झिनेमन स्कोफील्डवर अडून बसले. तुला जो सिनेमातला सहजपणा वाटला तो अशा शेकडो संध्याकाळी प्रेक्षकांसमोर मुरलेला आहे. नाटकाच्या वेळी कुठे लोक खोकतात, कुठे खुर्च्या करकरतात, कुठे सगळं सभागृह गप्प होतं, हे सगळं अंगात घेऊन तो कॅमेऱ्यासमोर गेला. सिनेमाला सहा ऑस्कर मिळाली. स्कोफील्ड सोहळ्याला गेला नाही. सिनेमात मोरच्या बायकोचं काम करणाऱ्या वेंडी हिलर यांनी त्याच्या वतीने बाहुली घेतली.

आता तुझ्या खालच्या आवाजाकडे येते, कारण सगळं तिथेच आहे.

मोर गप्प का आहे? राजाला पहिली बायको सोडून दुसरं लग्न करायचंय, त्यासाठी तो पोपला बाजूला सारून चर्चचा प्रमुख होतो, आणि सगळ्यांनी तशी शपथ घ्यावी असं फर्मान निघतं. मोर वकील आहे. विरोधात बोललो तर राजद्रोह, हे त्याला ठाऊक आहे. पण गप्प राहिलो तर? कायद्याचा जुना संकेत असा की मौन म्हणजे संमती. म्हणून तो ना शपथ घेतो, ना का घेत नाही ते सांगतो. बायकोलासुद्धा नाही, लाडक्या लेकीलाही नाही. त्याचं मौन ही त्याची ढाल आहे. तेव्हा स्कोफील्ड हळू बोलतो ती त्याची स्टाईल नव्हे. ज्याचा एखादा शब्द जास्त गेला तर मान जाईल असा माणूस जेवढं आणि जसं बोलेल, तेवढं आणि तसं तो बोलतो.

खटल्याचा प्रसंग पुन्हा लाव. रिचर्ड रिच, जॉन हर्टने केलेला, एकेकाळी मोरकडे नोकरी मागायला आलेला पोरगा, साक्षीला उभा राहतो आणि धडधडीत खोटी शपथ घेतो. मोरचा घात झालेला आहे. तो काय करतो? रिच निघताना त्याला थांबवतो. त्याच्या गळ्यातल्या अधिकाराच्या साखळीकडे बघतो, ती हातात घेतो, ही कशाची म्हणून विचारतो. कळतं की याला वेल्सचा सरकारी वकील केलंय. मग मोर जे म्हणतो त्यात राग नाही, टोमणाही नाही. आत्मा विकून सगळं जग मिळालं तरी तोटाच, आणि तू विकलास तो वेल्ससाठी, एवढंच. मी वर्गात हा उतारा वाचायचे तेव्हा मुलं हसायची. स्कोफील्डच्या तोंडी ऐकला की हसू येत नाही, कारण त्याच्या डोळ्यांत त्या पोराबद्दल खरी कणव आहे. मरायला निघालेला माणूस दुसऱ्यासाठी हळहळतो.

आणि त्यानंतर, शिक्षा ठोठावायची वेळ आल्यावर, तो पहिल्यांदा मोकळं बोलतो. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. तिथला आवाज ऐक. इतका वेळ जे दाबून धरलं ते सगळं बाहेर येतं, ठणठणीत. आधीचे दोन तास तो तसाच बोलला असता तर इथे त्याच्याकडे काय उरलं असतं?

तुझ्या कारकुनाला असा एखादा क्षण लेखकाने दिलाय का ते आधी संहितेत शोध. दिला असेल तर सगळी तालीम तिथून मागे बांधत आण.

आता लिअर, लेकींना राज्य वाटून देणारा शेक्सपिअरचा म्हातारा राजा. न्यू यॉर्कहून परतल्यावर १९६२ च्या अखेरीस ब्रूकने त्याला लिअर दिला. वय चाळीस! आपल्या नाशिककरांच्या मनात लिअर म्हटलं की 'नटसम्राट' उभं राहतं, आणि ते राहणारच. तात्यासाहेब शिरवाडकरांनी ते इथे बसून लिहिलं. डिसेंबर १९७० मध्ये डॉ. लागूंनी गणपतराव बेलवलकर पहिल्यांदा उभा केला. त्यात आपण पहिल्यापासून बापाच्या बाजूने असतो. स्कोफील्डचा लिअर बघताना तसं होत नाही. केस बारीक कापलेले, अंगावर चामड्याचे जाड कपडे, आवाज खरखरीत. मोठ्या लेकीकडे राहायला गेला की त्याचे सरदार खरोखर धुडगूस घालतात, आणि तो स्वतः जेवणाचं टेबल उलथवून देतो. आपण लेकीच्या जागी असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न प्रेक्षकाला पडलाच पाहिजे अशी ब्रूकची आणि त्याची योजना. दया मागायची नाही, एवढं ठरवून केलेला लिअर. तरी शेवटी धाकट्या लेकीचं, कॉर्डेलियाचं, प्रेत घेऊन येतो तेव्हा हुंदका आवरत नाही, कारण आधी कुठेही त्याने आपल्याकडे हुंदका मागितलेला नाही. २००४ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या नटांनी मत दिलं तेव्हा शेक्सपिअरच्या आजवरच्या भूमिकांत पहिला नंबर याच लिअरला मिळाला. मतं नटांची होती, म्हणून मला त्याचं मोल जास्त वाटतं.

१९७१ चा सिनेमा डेन्मार्कमध्ये, कडक थंडीत, काळा-पांढरा काढलाय. पडद्यामागे म्हणतात तसा जड आहे खरा. पण बेलवलकर तुझ्या ओळखीचे आहेत, तुला जड जाणार नाही.

आणि ऑस्करनंतर त्याने केलं काय? १९७० ला चेखवचा वान्यामामा. १९७९ ला नॅशनल थिएटरमध्ये 'अमेडियस'चा पहिला प्रयोग, त्यात तो साल्येरी. मोझार्टचा हेवा करणारा संगीतकार, अडीच-तीन तास थेट प्रेक्षकांशी बोलणारा. गप्प राहणारा मोर करणाऱ्याने हा अखंड बोलणारा माणूस केला. (त्यात मोझार्टच्या बायकोचं काम फेलिसिटी केंडलने केलं होतं. तिचे आईवडील 'शेक्सपिअराना' नावाची नाटक कंपनी घेऊन भारतभर शाळाशाळांतून प्रयोग करत, आणि ती त्यातच मोठी झाली.) त्यापुढच्याच वर्षी ऑथेल्लो. १९९६ ला, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, इब्सेनचा बोर्कमन. मध्ये रेडिओवर कितीतरी नाटकं. याला संधी घालवणं कसं म्हणायचं?

सरकारने 'सर' ही पदवी देऊ केली, ती घेतली नाही. साधं 'मिस्टर' काय वाईट आहे, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. दुसरे मान घेतले, त्यामुळे हा आव नव्हता. अभिनेत्री जॉय पार्करशी १९४३ ला लग्न झालं ते शेवटपर्यंत. घर बाल्कम गावात, लहानपणीच्या गावापासून जवळच, लंडन–ब्रायटन रेल्वेमार्गावर. मुलाखती देणं जिवावर यायचं. २००८ मध्ये गेला.

प्रेसवाला (नाशिकरोड)

मॅडमनी लिहिलेलं सगळं वाचलं. बाल्कमचं वाचून रोज मुंबईला जाऊन येणारे आपल्या पंचवटी एक्स्प्रेसचे पासधारक आठवले. प्रयोग संपवून गाडी पकडायची, घरी जाऊन झोपायचं, दुसऱ्या दिवशी परत. माणूस म्हणून एकदम आवडला.

पण मला एक गोष्ट स्पष्ट मांडायची आहे. मी नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी करून कामगार नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं कामं केली. दिवसपाळी करून तालमीला जायचं, प्रयोगासाठी रजा टाकायची, कपडेपट डोक्यावरून न्यायचा. त्याबद्दल तक्रार नाही, ते माझं सुख होतं. पण स्कोफील्ड रंगभूमीवर टिकला कारण त्याला टिकवणारी रंगभूमी होती. बर्मिंगहॅमला नटाला आठवड्याचा पगार मिळत होता. पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनी १९६१ ला उभी राहिली, नॅशनल थिएटर १९६३ ला, दोन्हींच्या मागे सरकारी अनुदान. रोज संध्याकाळी नाटक, महिनोन्‌महिने, पगारावर. असं असलं तर नट सिनेमाच्या मागे कशाला धावेल?

आपल्याकडे हौशी नटाला स्पर्धेचा एक प्रयोग मिळतो. पहिला-दुसरा नंबर आला तर अंतिम फेरीचा आणखी एक. दोन महिने तालीम आणि दोन प्रयोग. त्या दोनमध्ये मोर मुरणार कसा? तेव्हा या पोराला कोणी स्कोफील्डचं उदाहरण देऊन मालिका सोडायला लावू नये, एवढीच कळकळ. मला ज्या वयात विचारणा झाली त्या वयात घरी धाकटी भावंडं होती, मी नाही म्हणालो. ते योग्यच होतं. पण याच्या घरची परिस्थिती आपल्याला माहीत नाही.

तिसरी घंटा (कॉलेज रोड)

प्रेसवालेभाऊ, पगाराबद्दल तुमचं शंभर टक्के खरं आहे आणि हे कोणीतरी लिहायलाच हवं होतं. आपल्या जिल्ह्याच्या गावाला पगारी नाटक कंपनी नाही. कालिदास नाट्यगृहाला व्यावसायिक नाटक येतं ते मुंबई-पुण्याचं, एक प्रयोग करून रात्री निघून जातं. इथला नट फक्त स्पर्धेपुरता नट. याची मला खरीखुरी चीड आहे.

फक्त मी त्याला मालिका सोड असं कुठेच म्हटलेलं नाही, आणि स्कोफील्डच्या गोष्टीतून तसं निघतही नाही. तो सोवळं पाळणारा नव्हता. १९५० मध्ये एका हलक्याफुलक्या फ्रेंच नाटकात त्याने जुळ्या भावांची दुहेरी भूमिका केली, ती लंडनच्या धंदेवाईक रंगभूमीवर दोन वर्षांच्या आसपास चालली. संगीतिका केली. 'स्कॉर्पिओ' नावाच्या हेरपटात रशियन हेर झाला. प्रत्येक वेळी त्याने बघितलं ते इतकंच, की लिहिलेल्या कागदावर माणूस आहे की नाही. नाटक थोर आणि सिनेमा हलका अशी त्याची विभागणी नव्हती.

म्हणून विंगेतला, दोन-चार भागांची संहिता मागून घे. देत नसतील तर तेही कळलं. दिराच्या त्या मित्राला काही हवंय का, तो कुणाशी खोटं बोलतो का, कशाला घाबरतो का, हे वाचून बघ. दिराच्या बोलण्यावर "अरे वा!" म्हणायला तेवढा ठेवला असेल तर ते काम तुझ्याइतकंच दुसरं कोणीही करील. आणि घरात पैशाची खरी निकड असेल तर हे काहीही न बघता घे, त्यात कमीपणा नाही.

विंगेतला (सातपूर)

ताई, काका, पडद्यामागे, तिघांचे मनापासून आभार. 'द ट्रेन' बघितला. आमच्या ग्रुपमधला चेहऱ्यावाला मित्र गप्प झालाय.

घरी तशी निकड नाही. वडील अजून नोकरीत आहेत, माझा पगारही चालू आहे. संहिता मागितली तर उत्तर आलं की सेटवर आल्यावर मिळेल.

लेखकाने कारकुनाला तसा क्षण दिलाय. दुसऱ्या अंकात चौकशी अधिकाऱ्यासमोर तो एकदाच बोलतो, अर्धं पान. आजवर मी तो उतारा आणि बाकीचं नाटक एकाच पट्टीत करत होतो. तालमीत आता उलट्या बाजूने बांधायला घेतलंय. पण "ऐकू येत नाही" कायम आहे. परशुराम साईखेडकर नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज न चढवता पोचायचं कसं?

तिसरी घंटा (कॉलेज रोड)

शाबास. आता आवाजाचं.

हळू बोलताना नट दोन गोष्टी सोडतो. एक, श्वास. मोठ्याने बोलायचं तर आपण आपोआप पोटातून श्वास घेतो, हळू बोलताना गळ्यावर भागवतो. मग शब्द ओठांपाशीच विरतात. हळू बोलायला श्वास जास्त लागतो, हे अंगी बाणवून घे. दोन, वाक्याचं शेपूट. आपलं क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो. "मी या कागदावर सही करणार नाही" हे वाक्य तू उतरत्या आवाजात टाकलंस तर दहाव्या रांगेतल्या माणसाला "मी या कागदावर सही करणार" एवढंच ऐकू जातं. तुझ्या नाटकाचा जीवच त्या शेवटच्या दोन अक्षरांत आहे. आवाज खाली ठेव, पण 'नाही' संपेपर्यंत श्वास शिल्लक ठेव. एका मित्राला सभागृहात शेवटच्या रांगेत बसव, आणि ज्या ज्या वाक्याचा शेवट पडेल तिथे त्याला हात वर करायला सांग. बाकी कसलीही सूचना त्याने करायची नाही.

स्कोफील्ड वाक्य तोडायचाही मोठ्या विचाराने. जिथे स्वल्पविराम आहे तिथे थांबेलच असं नाही. माणूस जिथे विचार करायला अडतो तिथे थांबेल. यासाठी त्याचा डोळे मिटून ऐकण्याचा लिअर आहे. २००२ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, त्याने संपूर्ण 'किंग लिअर' ध्वनिमुद्रित केलं. १९६२ ला विदूषक झालेले अलेक मॅकोवेन त्यात ग्लॉस्टर, म्हणजे लिअरचा म्हातारा सरदार, आहेत. चाळीस वर्षांनी तेच दोघं नट वादळातल्या त्या नाटकात पुन्हा एकत्र. चाळिशीत केलेला म्हातारा आणि खरा म्हातारा झाल्यावर केलेला म्हातारा, दोन्ही आपल्याला उपलब्ध आहेत. सिनेमा आधी बघ, मग हे ऐक. इंग्रजी अडलं तर संहिता शेजारी ठेव, सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात, मिळेल. तिथेही अडलं तर पान नंबर इथे लिही, मी उलगडून सांगेन.

प्रेसवाला (नाशिकरोड)

सेटवर आल्यावर संहिता मिळेल म्हणतात, म्हणजे काय ते तूच ठरव. मी पुन्हा काही बोलणार नाही.

शेवटच्या रांगेत बसायला माणूस हवा असेल तर मी येतो. संध्याकाळी सहानंतर मोकळा असतो. कान अजून शाबूत आहेत, आणि हात वर करायला मागेपुढे बघणार नाही. तालीम कुठे आहे तेवढं कळव.

विंगेतला (सातपूर)

काका, नक्की या. रविवारपासून रोज सातला, पत्ता व्यक्तिगत निरोपात टाकतोय. मालिकावाल्यांना आज सकाळी नाही कळवलं.